कट्टा

रात्री दोनला मी पंख्याची पाती मोजते.
तीनच आहेत, तरी पुन्हा मोजते.
सातला घेतील म्हणाल्या सिस्टर,
तोवर पाण्याचा घोटही नाही.
मे महिना, सोलापूर,
हात लावावा तर भिंतसुद्धा तापलेली
आणि मला हुडहुडी.

पोट कापणार, त्याचं काही वाटत नाही.
खरंच नाही.
बाळ आडवं आहे, डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं,
घडी चुकलेल्या टॉवेलसारखं.
पोट पुढं असतं, दिसतं.
पाठ मात्र मी कधी पाहिलेलीच नाही,
आणि तिथंच ते टोचणार.

नऊ वर्षं कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते.
एकदा मशीनची सुई नखातून आरपार गेली,
मी पायडलवरचा पाय काढला, चाक उलटं फिरवलं,
बोट सोडवून घेतलं आणि डझन पुरा केला.
पुष्पलता अजून सांगते ही गोष्ट नव्या पोरींना.
तिला काय माहीत,
ती सुई मला दिसत होती.

दोन महिने झाले, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं येतायत.
जाऊबाईंची, थंडीत धरते ती.
नळावरच्या रेणुकाची. "एवढी लांब असते," म्हणत
तिनं मनगटापासून कोपरापर्यंत दाखवलं.
कुणाची तरी नणंद म्हणे महिनाभर
उशीवरून डोकं उचलू शकली नव्हती.
पुढं ती उठली, भाकरी थापली, भांडली,
हे एकीनंही सांगितलं नाही.

साडेपाचला भुलीचे डॉक्टर आले,
डोळ्यांत झोप, शर्टाचं बटण चुकीच्या काजात.
दुखेल किती, मी विचारलं.
मुंगी चावल्यासारखं म्हणतील वाटलं. सगळे मुंगीच म्हणतात.
ते म्हणाले, "टोचेल. आधी बारीक सुई, ती चुरचुरेल.
मग दाब येईल. मग पाय गरम होतील, मग जड.
हललात तर मला जागा पुन्हा शोधावी लागेल.
भीती वाटली तर हलायच्या आधी सांगा.
मी थांबेन."

मी थांबेन.
त्या दोन शब्दांवर मी सही केली,
इंग्रजी कागदावर माझी तेलुगू सही.

टेबल अरुंद. एसी गार.
"पाठ बाहेर काढा. हनुवटी छातीला. मांजरीसारखं."
मांजर जमेना.
एवढं पोट घेऊन कुठली मांजर वाकते?
"खांदे सोडा अक्का," ब्रदर म्हणाला.
सुटेनात.

मग मला आई बसलेली दिसली.
विडी घरकुलात, दारातल्या उजेडात,
मांडीवर सूप, हनुवटी छातीला, पाठ गोल.
पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा.
ओठांत आकडे,
पंचवीस झाल्या की एक कट्टा.
हजार झाल्याशिवाय ती पाठ कधी सरळ झाली नाही.

मी मांडीवर सूप घेतलं.

ओकटी, रेंडु, मूडु,
पाठीवर स्पिरिट.
नालुगु.
मुंगी नव्हतीच ती.
अम्मा म्हणाले की शिवी दिली, आठवत नाही.
ऐदु, आरु,
"थांबू का?"
"नको," मी म्हणाले, "दोरा गुंडाळतेय."
ब्रदरला काही कळलं नाही.
एकोणीस की वीसला कुणीतरी
मांड्यांवर ऊन पाणी ओतलं,
आणि पाय माझे राहिले नाहीत.
कट्टा पुरा झाला नाही.

चौथ्या दिवशी आई ओल्या फडक्यानं पाठ पुसायला बसली.
"कुठं टोचलं गं?"
मी हात मागं नेला, पोचेना.
तंबाखूच्या वासाची तिची बोटं
मणक्यांवरून उतरत गेली
सवयीनं मोजत.
"इथं तर काहीच नाही."
"आहे," मी म्हणाले. "खाली. अजून खाली."

शेजारी लेक झोपली होती,
आडवीच.